दर पावसाळ्यात सेप्टिक टँक 'भरते' आणि संडासचं पाणी उतरत नाही? सक्शनची गाडी बोलवायच्या आधी हे बघून घ्या

जून संपत आला की आमच्याकडे तळकोकणात ही तक्रार सुरू होते आणि गणपती होईपर्यंत काही थांबत नाही. कमोडमध्ये पाणी सोडलं की उतरत नाही, काठापर्यंत चढतं, मग गुडगुड करत हळूहळू जातं, मोरीच्या जाळीतून वास मारतो, आणि एखाद दिवशी रात्रभर पाऊस झोडपून गेला की सकाळी मोरीतच काळं पाणी उभं. निदान ठरलेलं, टाकी भरली. गाडी बोलवायची, पैसे द्यायचे, पंधरा दिवस झकास चालतं आणि परत जैसे थे. मग गाडीवाल्याला शिव्या, म्हणे अर्धीच उपसली.

मला गाडीवाल्याची वकिली करायची नाहीये पण बहुतेक वेळा त्याचा यात काही संबंध नसतो. सेप्टिक टँक कायम भरलेलीच असते, तशीच असायला पाहिजे. घाण पाणी पहिल्या कप्प्यात येतं, जड ते खाली बसतं, तेलकट आणि हलकं ते वर तरंगून त्याची जाड साय धरते, आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी दुसऱ्या कप्प्यातून आउटलेटने शोषखड्ड्यात जातं. बादलीभर आत आलं की बादलीभर बाहेर पडणार. म्हणजे पाण्याची पातळी बाराही महिने आउटलेट पाइपच्या तळाला टेकलेली असते. त्यामुळे ढापा उघडून बापरे काठोकाठ भरलीय असं म्हणण्यात काही अर्थ नाही, बघायचं ते एवढंच की पाणी आउटलेटच्या तळाशी आहे का पाइप बुडवून वर चढलंय.

आता जरा हिशोब करू, कारण हिशोब केला की अर्धे वाद मिटतात. आमच्याकडे चिऱ्याची टाकी बांधतात ती आतून आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि पाण्याची खोली सहा फूट धरा, २४० घनफूट झाले, म्हणजे ६,८०० लिटरच्या आसपास. (भारतीय मानकात पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि मीटरभर पाण्याची टाकी पुरते असं धरलंय, म्हणजे हजार-अकराशे लिटर. आपल्याकडे मोठी बांधली की टेन्शन नाही असा समज आहे, असो.) गाळ साचतो तो माणशी वर्षाला साधारण ४० ते ७० लिटर, पाच माणसांचा जास्तीत जास्त धरला तरी ३५०. गाळ आणि साय मिळून टाकीचा तिसरा हिस्सा व्यापला की उपसायची असा नियम धरला तर तेवढं व्हायलाच या टाकीला सहा वर्षं लागतील. मग ती दर जुलैत कशी काय भरेल? आणि तीच टाकी पूर्ण रिकामी केली आणि पाच माणसं रोज ५०० लिटर पाणी सोडत असतील तर तेरा-चौदा दिवसांत पाणी परत आउटलेटला टेकणारच, ते पंधरा दिवस झकास चालतं त्याचं गुपित हेच. गाडीने काहीच दुरुस्त केलेलं नसतं, तुम्ही पंधरा दिवसांची रिकामी जागा विकत घेतलेली असते.

तेव्हा शोधायचंय ते पाणी नेमकं कुठे अडलंय. जागा तीनच आहेत, घरापासून टाकीपर्यंतची लाइन, टाकीतली इनलेट-आउटलेटची तोंडं आणि शोषखड्डा.

लाइनचं पटकन संपवतो कारण ते सगळ्यात सोपं. एकच संडास तुंबलाय आणि बाकी सगळं नीट जातंय तर टाकीकडे जाऊच नका, अडलंय ते भांड्यात किंवा त्याच्या पुढच्या एल्बोत. सगळंच तुंबलंय तर घर आणि टाकीच्या मधलं चेंबर उघडा. चेंबर कोरडं तर अडथळा घराच्या बाजूला, चेंबर भरलंय आणि टाकीची पातळी जागेवर आहे तर अडथळा चेंबर आणि टाकीच्या मध्ये. बांबूची लांब पट्टी किंवा प्लंबरचा रॉड घालून मोकळं होतं. सारखं सारखं त्याच ठिकाणी अडत असेल तर उतार तपासा, चार इंची पाइपला दहा फुटांत तीन इंच उतार असला की पुरे, काही ठिकाणी गवंड्याने अंदाजपंचे टाकलेल्या लाइनला मध्येच पोट आलेलं असतं आणि कागद, केस, ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड सगळं तिथेच बसतं. डायपर तर कुठल्याच लाइनमध्ये जात नाही, ते टाकणाऱ्याला पाहुणा म्हणून परत बोलवू नका.

टाकीची तोंडं. इथून पुढे ढापा उघडायचाय म्हणून आधी एक गोष्ट, आणि ही वगळून पुढे वाचू नका. टाकीत मिथेन असतो, तो पेट घेतो, आणि हायड्रोजन सल्फाइड असतो, त्याला सडक्या अंड्याचा वास येतो पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो, म्हणजे वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच आडवा पडतो. दोन्ही ढापे उघडून टाकी बराच वेळ उघडी ठेवा, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, बिडी-सिगारेट-कंदील काही नको, तोंड आत घालून वाकायचं नाही, आणि आत उतरायचं तर कोणीच नाही, रिकामी झाल्यावरही नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. अशा दुर्घटनांच्या बातम्या वाचा, एकाला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा, आणि तिघंही जातात. माणूस उतरवून टाकी साफ करून घेणं हा २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्याच वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो सांगणाऱ्यावर लागतो, म्हणजे घरमालकावरसुद्धा. बाटली आणि दोन हजारात उतरणारा माणूस आहे असं कोणी सांगितलं तर त्याला तिथूनच वाटेला लावा.

हां, तर तोंडं. इनलेटला आणि आउटलेटला टी (इंग्रजी T च्या आकाराचा पाइपचा जोड) बसवलेली असते, किंवा जुन्या टाक्यांत समोर आडवी फरशी, जेणेकरून येणारं पाणी साय ढवळणार नाही आणि बाहेर जाणारं पाणी मधल्या थरातूनच जाईल. इनलेटच्या टी मध्ये साय घट्ट होऊन बूच बसतं, हे फार कॉमन आहे, वरून काठीने ढोसलं की धपकन पाणी उतरतं आणि तुमचा पावसाळ्याचा प्रश्न तिथेच संपलेला असतो. आउटलेटची टी मात्र नीट बघा. ती बऱ्याच टाक्यांत नसतेच, किंवा नुसती अडकवलेली असते आणि पडून तळाला गेलेली असते. ती नसेल तर साय थेट शोषखड्ड्यात जाते आणि तेलकट साय एकदा खड्ड्याच्या भिंतीवर बसली की तो खड्डा गेला. दोनशे रुपयांच्या आसपासची वस्तू, पण ती नसल्यामुळे पूर्ण खड्डा नवीन पाडायला लागतो.

गाळ मोजायचा असेल तर सात-आठ फुटांची सरळ काठी घ्या, खालच्या तीन-चार फुटांना जुना पांढरा पंचा घट्ट गुंडाळा, सुतळीने बांधा, आणि सायीत आधी भोक पाडून काठी अलगद तळापर्यंत सोडा. दोन-तीन मिनिटं तशीच धरा, फिरवू नका, मग हळू वर काढा. खाली पंच्याला डांबरासारखे काळे कण चिकटलेले दिसतात, त्याच्या वर नुसता मळकट ओला भाग, दोन्हीच्या मधली रेघ बऱ्यापैकी स्पष्ट असते. तळापासून त्या रेघेपर्यंत तुमचा गाळ. सहा फूट पाण्यात गाळ फूटभर आणि साय चार बोटं असेल तर उपसायची काही गरज नाही, गाडीवाला काहीही म्हणो. गाळ आणि साय मिळून दोन फुटांवर गेली तर उपसा. पंचा अर्थातच परत वापरू नका, घरच्यांना सांगून ठेवा.

आता शोषखड्डा, कारण दर पावसाळ्यात येणाऱ्या दुखण्याचं मूळ मी बघितलेल्या बहुतेक घरांत इथेच निघालंय. खड्डा खराब झालाय का हे कळण्याची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे गाडी उपसा करत असताना. नेमकं तेव्हाच सगळे नाकाला रुमाल लावून घरात पळतात. पळू नका, लांबून का होईना आउटलेटच्या पाइपकडे बघत राहा. टाकीतली पातळी खाली जाऊ लागते, पाइपचं तोंड उघडं पडतं, आणि जर त्या तोंडातून पाणी उलट टाकीत पडायला लागलं, आधी बारीक धार आणि मग चांगला ओघ, तर तुमचा खड्डा तुडुंब भरलेला आहे आणि जमीन ते पाणी घेत नाहीये. अशा वेळी टाकी कितीही वेळा उपसली तरी तुम्ही खड्ड्यातलंच पाणी गाडीत भरून देताय. पाइप कोरडा राहिला तर खड्डा ठीक आहे, दोष वरच्या बाजूला शोधा.

गाडी बोलवायची नसेल तर दुसरा उपाय. रात्री सगळे झोपले की न वाकता टाकीत तळापर्यंत काठी सोडा, पाणी कुठवर लागलं तिथे काठीवर खूण करा, कमोड-नळ काही वापरू नका (एका रात्रीपुरतं बादली-तांब्या आणि अंगण चालतं, कोकणात कोणी बघत नाही) आणि सकाळी परत काठी सोडून बघा. पातळी तेवढीच, ठीक. पाऊस पडला आणि कोणीही वापर न करता पातळी वर चढली तर बाहेरचं पाणी टाकीत शिरतंय. उन्हाळ्यात पातळी आउटलेटच्याही खाली उतरलेली दिसली तर लोक खूश होतात की वा, आमची टाकी कधीच भरत नाही. त्यात खूश होण्यासारखं काही नाही, टाकी गळतेय. चिऱ्याच्या टाकीला आतून नीट प्लास्टर नसेल किंवा तळ काँक्रीटचा न करता तसाच सोडलेला असेल तर उन्हाळ्यात मैलापाणी जमिनीत जातं आणि पावसाळ्यात जमिनीतलं पाणी त्याच वाटेने आत येतं. जांभा हा भोकाभोकांचा दगड, त्याच्यातून पाणी किती लांब आणि किती लवकर जातं हे आपल्या विहिरी भरताना आपण दर जूनला बघतोच.

बाहेरचं पाणी शिरण्याची अजून एक मोठी वाट म्हणजे छप्पर, आणि ही स्लॅबच्या नव्या बंगल्यांत जास्त. हजार चौरस फुटांच्या छपरावर दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस पडला की नऊ हजार लिटरच्या वर पाणी झालं, आणि कोकणात १०० मिलिमीटरचा दिवस म्हणजे काही विशेष नाही, इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढेच पाऊस होतो. चारपैकी एक जरी पाइप प्लंबरने जवळ पडतंय म्हणून संडासच्या चेंबरला जोडून दिला असेल तरी दोन हजार लिटरच्या वर पाणी एका दिवसात टाकीत. आमच्या वाडीत एका घरी तीन पावसाळे गाड्या चालू होत्या, शेवटी गच्चीच्या एकेका पाइपमध्ये बादलीत होळीचा उरलेला रंग कालवून ओतला आणि चेंबर उघडून बसलो, तिसऱ्या पाइपला चेंबरमध्ये गुलाबी पाणी आलं. जोडणी तोडली, पाइप गटाराकडे वळवला, विषय संपला. तुमच्याकडे शंका असेल तर हा प्रयोग फुकटात होतो. तसंच ढाप्यांच्या कडा बघा, अंगणाचा उतार टाकीकडे असेल आणि ढापा जमिनीच्या लेव्हलला असेल तर अंगणातलं सगळं पाणी आत जातं, ढाप्याभोवती चार-सहा इंच कठडा बांधून सिमेंटने कडा बंद करायच्या.

घरातलंही तपासा. फ्लशची टाकी आतल्या आत गळत असते आणि कोणाला कळत नाही, फ्लशच्या टाकीत चमचाभर हळद टाका, न ओढता अर्ध्या तासाने भांड्यात पिवळं दिसलं तर वॉशर गेलंय, अशी गळकी टाकी दिवसाला शेकडो लिटर सोडू शकते. वॉशिंग मशीनचं पाणी, आरओचं वाया जाणारं पाणी, आंघोळीचं, हे सगळं मैल्याच्या टाकीत सोडायचं कारणच नाही. वॉशिंग मशीनचं एकदम शंभरेक लिटर धाडकन येतं, गाळ ढवळतो आणि ढवळलेला गाळ खड्ड्यात जातो.

आणि गणपती. एरवी घरात आई-बाबा दोघं नाहीतर चारजण, गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की अठरा-वीस डोकी. दिवसाला ४०० लिटर घेणाऱ्या खड्ड्यात एकदम १,८०० ते २,००० लिटर, तेही भाद्रपदात, जेव्हा जमीन आधीच पाणी पिऊन तट्ट झालेली असते. टाकीला ते जड जात नाही, ६,८०० लिटरची टाकी तीनेक दिवसांचं पाणी धरतेच, मानकाला एक ते दोन दिवस पुरतात. मार बसतो तो खड्ड्याला. त्यामुळे गणपतीला तुंबलं म्हणून टाकी छोटी पडली असं समजून मोठी टाकी बांधू नका, लोकांनी लाखभर घालवून नवी टाकी बांधलीय आणि जुन्याच खड्ड्याला जोडलीय, पुढच्या वर्षी परत तेच. त्या दिवसांत आंघोळी आणि कपडे परसात करा, त्या पाण्याला तात्पुरता चर काढून माडाच्या आळ्यात सोडा, अर्धा भार तिथेच कमी होतो. पाहुण्यांना वाईट वाटत नाही, उलट मुंबईच्या पोरांना विहिरीवर आंघोळ म्हणजे पर्वणी.

मग कायमचा उपाय काय. पावसाळ्यात काही खणू नका, भर पावसात काढलेला खड्डा पाण्याने भरतो आणि त्याच्या भिंती लिंपल्यासारख्या होऊन बंद होतात. आत्ता तुंबलं असेल तर पाणी वापर कमी करा, आंघोळीचं पाणी वेगळं काढा, फारच झालं तर गाडी बोलवा पण ती वेळ मारून नेणं आहे हे धरून. आणि फायबरची किंवा प्लास्टिकची तयार टाकी पुरलेली असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये ती पूर्ण रिकामी करून अजिबात ठेवू नका, आजूबाजूला जमिनीत पाणी उभं असतं आणि रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते, पाइप तुटतात, वरची फरशी फुटते. उपसलीच तर लगेच निम्म्यापेक्षा जास्त साध्या पाण्याने भरून घ्या.

काम करायचं फेब्रुवारी ते मे. पहिलं काम, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायद्याचं, मोरीचं आणि किचनचं पाणी संडासच्या लाइनपासून तोडून वेगळं करणं. किचनला आधी एक छोटं तेल अडवणारं चेंबर, त्यातली साय आठवड्याला काढून परसात मातीत पुरायची (शोषखड्ड्यात नव्हे), मग ते पाणी केळी, अळू, कर्दळ यांच्या वाफ्यात. संडासच्या लाइनला नुसता मैला आणि फ्लशचं पाणी राहिलं की शोषखड्ड्याचा भार निम्म्याहून कमी होतो, आणि ज्या घरांनी एवढंच केलं त्यांनी पुढे काहीच केलं नाही तरी चाललंय.

त्यानेही नाही भागलं तर खड्ड्याकडे वळा. जुना खड्डा बंद पडतो कारण त्याच्या भिंतीवर जिवाणूंचा काळा चिकट थर धरतो, तो पाणी जाऊ देत नाही. खड्ड्याला सुट्टी दिली की तो थर वाळतो आणि खड्डा बऱ्यापैकी परत पाणी घ्यायला लागतो. म्हणून एकाच्या जागी दोन खड्डे आणि मध्ये छोटं चेंबर, एका बाजूचा पाइप बंद करून वर्षभर एक वापरायचा, पुढच्या वर्षी दुसरा. पण साधी गोष्ट, पावसाळ्यात जमिनीखाली पाच-सहा फुटांवर पाणी लागत असेल तर खोल खड्डा म्हणजे विहीरच झाली, तो भरूनच राहणार. मानकही तेच सांगतं, पाणी १.८ मीटरपेक्षा खोल असेल तरच शोषखड्डा. लोक उलट करतात, दहा फुटी पाणी घेत नाही म्हणून पंधरा फूट नेतात. अशा ठिकाणी खड्ड्याऐवजी उथळ लांब चर, दीड-दोन फूट रुंद, दोन-अडीच फूट खोल, त्यात खडी आणि भोकं पाडलेला पाइप, वरून माती. वरच्या थरातली माती पावसातही उघडीप मिळाली की पाणी घेते, शिवाय वरची झाडं ओढतात. अगदीच पाणथळ जागा असेल तर टाकीच्या पुढे तिसरा कप्पा करून त्यात खडी भरतात आणि पाणी तळातून वर चढवतात, त्यातून निघणारं पाणी बरंच निवळ असतं, ते कर्दळीच्या वाफ्यात सोडता येतं. हे चांगल्या इंजिनिअरला दाखवून करा, गवंड्याच्या अंदाजावर नको.

देशावर दुखणं तेच, जमीन वेगळी. काळ्या मातीत खड्डा उन्हाळ्यात ढसाढसा पाणी पितो कारण मातीला भेगा पडलेल्या असतात, आणि पावसाळ्यात ती फुगते, भेगा मिटतात, पाणी घेणं बंद. तिथेही उथळ चर आणि आंघोळीचं पाणी वेगळं, हेच लागू पडतं.

झाडांची मुळं राहिली. उंबर, वड, पिंपळ जवळ असेल तर खड्ड्याच्या दगडांत मुळं शिरतात, माडाच्या मुळांचा तर जाळीदार पुंजका पाइपच्या तोंडातच सापडतो, तो कापून काढायला लागतो आणि दोन-तीन वर्षांनी परत येतो. पाइप बदलताना जोड नीट सोल्युशन लावून बसवा, मुळं शिरतात ती जोडातूनच.

आता टाकीत काय टाकायचं यावर लोक फार वेळ घालवतात. पाकिटातलं कल्चर, गूळ, ताक, शेण, यीस्ट. रोज वापरात असलेल्या टाकीत लागणारे जिवाणू मैल्यातूनच येत असतात, बाहेरून आणून टाकायची गरज नाही, आणि तुंबलेला शोषखड्डा पाकिटाने सुटलेला मी तरी अजून बघितलेला नाही. शेणाने तर गाळच वाढतो. टाकायचं नाही ते मात्र पाळा. संडास धुवायचं अ‍ॅसिड बाटलीच्या बाटली ओतू नका, आणि ग्रामपंचायतीची विहिरीसाठी दिलेली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वास जावा म्हणून टाकीत टाकणारे महाभाग आहेत, त्याने आतले जिवाणू मरतात, गाळ कुजायचा थांबतो, आणि आधी अ‍ॅसिड गेलेलं असेल तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. वास येत असेल तर व्हेंट पाइप, म्हणजे टाकीतला वायू वर सोडणारा उभा पाइप बघा, वरच्या जाळीत कुंभारमाशी मातीचं घर करते नाहीतर पालापाचोळा बसतो, जाळी साफ केली की गुडगुड आणि वास दोन्ही जातात. न वापरातल्या मोरीच्या ट्रॅपमधलं पाणी वाळलं तरी वास येतो, त्याला तांब्याभर पाणी ओतणं एवढाच उपाय.

विहीर. खड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत किमान १८ मीटर, म्हणजे साठ फूट तरी अंतर पाहिजे, घरापासून ६ मीटर. वाडीतल्या छोट्या परड्यांत हे बसत नाही हे मलाही माहिती आहे, आणि शेजाऱ्याची विहीर गडग्याच्या पलीकडे असते तिचं अंतर तर कोणी मोजतच नाही. जमत नसेल तर निदान खड्डा विहिरीपासून उताराला खालच्या बाजूला घ्या, आणि पावसाळा सुरू झाल्यावर विहिरीचं पाणी तपासा. पाणी तपासणीची छोटी बाटली ग्रामपंचायतीकडे असते, तीत पाणी घालून ठेवलं आणि ते काळं पडलं तर पाण्यात मैल्यातले जिवाणू असण्याची शक्यता धरायची, उकळल्याशिवाय प्यायचं नाही आणि खड्ड्याची जागा बदलायच्या तयारीला लागायचं.

गाडी खरंच लागणार असेल तेव्हाचं थोडं. पाखाडीतल्या घरांपर्यंत गाडी पोचत नाही, पाइप किती फुटांचा आहे हे फोनवरच विचारा आणि रस्त्यापासून टाकीपर्यंत दोरीने मोजून ठेवा, नाहीतर गाडी येऊन परत जाते आणि फेरीचे पैसे लागतात. अनेक शहरांसाठी १४४२० हा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, गावात मात्र जवळच्या नगरपंचायतीत चौकशी केलेली बरी. उपसा करताना नुसतं वरचं पाणी ओढून निघून जातात, गाळ तसाच राहतो, तर त्यांना पाइप तळाशी फिरवायला सांगा, शेवटी गाळ पातळ करायला थोडं पाणी मारायला सांगा, आणि तळाला वीतभर गाळ राहू दे, घासूनपुसून स्वच्छ करायची गरज नाही. उपसलेलं कुठे नेऊन ओतणार हेही विचारा, आमच्याकडे ओहोळात ओतलेलं बघितलंय लोकांनी. साताऱ्यातल्या वाईत नगरपालिकेने २०१८ पासून ठरवून दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी उपसायची पद्धत सुरू केली आणि मैला प्रक्रिया केंद्रात नेतात, म्हणजे तुंबायची वाट बघावी लागत नाही. बाकी नगरपंचायतींनी हे करायला काय हरकत आहे माहीत नाही.

आणि ढाप्यांवर टाइल्स बसवून टाकू नका हो. अंगण छान दिसावं म्हणून लोक टाकीवरून सलग फरशी घालतात, आणि तुंबतं तेव्हा टाकी नेमकी कुठे आहे हे घरात कोणालाच आठवत नाही, मग घण घेऊन अर्धं अंगण फोडायचं. घातलीच असेल तर घराच्या कोपऱ्यापासून दोन्ही ढाप्यांची, चेंबरची आणि खड्ड्याची मापं फुटात लिहून मीटरच्या पेटीत चिकटवून ठेवा, फोटो काढून मुंबईच्या मुलाला पण पाठवा.